पुस्तकाचे दुकान टिकते कशावर?

चेन्नईच्या वायव्येला अण्णा नगर आहे. १९६८ साली इथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले. त्यासाठी बांधलेला विश्वेश्वरय्या मनोरा अजून उद्यानात उभा आहे. तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने आखलेली ही वसाहत रुंद रस्ते आणि दाट सावली यांसाठी ओळखली जाते. गेल्या वीसेक वर्षांत तिची आणखी एक ओळख झाली, ती स्पर्धा परीक्षांची. २००४ मध्ये शंकर आयएएस अकादमी सुरू झाली आणि तिच्या आगेमागे कितीतरी शिकवणी वर्ग आले. पुण्याच्या सदाशिव पेठेत जे दिसते तेच इथे दिसते: खोल्या घेऊन राहणारी मुले, अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि त्यांच्या आधाराने चालणारी पुस्तकांची दुकाने.

अशा दुकानात वीस मिनिटे उभे राहिले की या धंद्याचे मर्म कळते. मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर ऑनलाइन किंमत उघडलेली असते. लक्ष्मीकांत यांचे भारतीय राज्यव्यवस्थेवरचे जाडजूड पुस्तक तो हातात घेतो आणि आवृत्ती कितवी ते पाहतो. ऑनलाइन थोडे स्वस्त आहे हे त्याला माहीत असते. पण तिथे जुनी आवृत्ती गळ्यात पडण्याची भीती असते, पुसट छपाईची बनावट प्रतही येऊ शकते, आणि दोन दिवस वाट पाहावी लागते. शिवाय दुकानदाराला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते की तमिळनाडू लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्याने आधी राज्य मंडळाची सहावी ते बारावीची पाठ्यपुस्तके वाचावीत, जाड मार्गदर्शके नंतर घ्यावीत. तो दोन पुस्तके समोर ठेवतो, त्यातले एक मागे सारतो आणि म्हणतो, ‘सध्या हे नको.’ मुलगा एकच पुस्तक घेऊन जातो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतो आणि खोलीतल्या मित्रालाही घेऊन येतो.

‘हे नको’ असे सांगणारा माणूस, हे छोट्या दुकानाचे खरे भांडवल. जगभरच्या पुस्तक व्यवसायाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

पाचशे रुपयांचा हिशेब

आधी आकडे पाहू. छापील किंमत ५०० रुपये असलेले पुस्तक दुकानदाराला वितरकाकडून साधारण ३० टक्के कमिशनने मिळते असे धरू. प्रकाशक, भाषा आणि खरेदीचे प्रमाण यांनुसार हे कमिशन कमीजास्त होते. म्हणजे पुस्तक त्याला ३५० रुपयांना पडते. गिऱ्हाइकाला १० टक्के सूट दिली तर हातात १०० रुपये उरतात. त्यातून भाडे, पगार, वीज, वाहतूक, धूळ खाऊन खराब झालेल्या प्रती आणि न विकल्या गेलेल्या पुस्तकांत अडकलेली रक्कम भागवायची. पुस्तकांवर जीएसटी नाही, ही वाचकासाठी चांगली गोष्ट. पण त्यामुळेच दुकानाच्या भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट दुकानदाराला घेता येत नाही. तो खर्च त्याच्याच अंगावर पडतो.

तेच पुस्तक ऑनलाइन ३७५ रुपयांना कसे मिळते? मोठ्या विक्रेत्याची खरेदी घाऊक असल्याने त्याला कमिशन जास्त मिळते, आणि त्याचे गोदाम शहराबाहेर स्वस्त जागेत असते. पण सर्वात मोठे कारण वेगळेच आहे. पुस्तक हे त्याच्यासाठी गिऱ्हाईक जोडण्याचे साधन होते. अ‍ॅमेझॉनचे संकेतस्थळ १९९५ मध्ये पुस्तकांपासून सुरू झाले. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकांपासूनच सुरू झाले. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आले तेव्हाही पहिल्या मालात पुस्तके होती. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, मापाला चुकत नाही, आणि प्रत्येकाला स्वतःचा आयएसबीएन क्रमांक असतो. अनोळखी विक्रेत्यावर विश्वास बसवायला याहून सोयीची वस्तू नाही. पुस्तकावर नफा झाला नाही तरी चालेल, तो पुढे मोबाइलवर, कपड्यांवर निघेल. छोट्या दुकानदाराकडे असा ‘पुढे’ नसतो. किमतीच्या लढाईत तो हरणार हे आधीच ठरलेले असते, म्हणून त्याने त्या लढाईत उतरूच नये.

आधी बुडाली ती मोठी दुकाने

ऑनलाइन विक्री आली तेव्हा छोटी दुकाने पहिल्या झटक्यात संपतील असा सगळ्यांचाच अंदाज होता. प्रत्यक्षात मोठ्या दुकानांची पडझड जास्त झाली. चेन्नईत हे अगदी ठळकपणे दिसले.

१९८७ मध्ये हेमू रामय्या यांनी नुंगमबाक्कमच्या अ‍ॅपेक्स प्लाझात ‘लँडमार्क’ सुरू केले. इंग्रजी पुस्तके, कॅसेट, खेळणी, लेखनसाहित्य असे सगळे एका छताखाली मिळायचे. कोणी हटकत नसे आणि तासन्‌तास पुस्तके चाळता येत. चेन्नईच्या एका पिढीचे वाचन या दुकानाने घडवले. २००५ मध्ये टाटा समूहाच्या ट्रेंट कंपनीने त्याचा मोठा हिस्सा घेतला आणि देशभर शाखा झाल्या. मग काही वर्षांतच त्या मिटत गेल्या, आणि २०१३ च्या सुमारास अ‍ॅपेक्स प्लाझातले मूळ दुकानही बंद झाले. ‘आमच्याकडे सगळे मिळते’ हे त्याचे बलस्थान होते. नेमके तेच ऑनलाइन विक्रेत्याने अधिक स्वस्तात देऊ केले. कॅसेट आणि सीडीचा धंदाही त्याच काळात आटला. मोठ्या जागेचे भाडे मात्र तसेच राहिले.

अमेरिकेत २०११ मध्ये ‘बॉर्डर्स’ ही अवाढव्य साखळी दिवाळखोरीत गेली आणि तिची शेकडो दुकाने बंद झाली. त्याच सुमारास तिथली स्वतंत्र दुकाने वाढू लागली. अमेरिकी पुस्तकविक्रेता संघटनेच्या सभासदांची दुकाने २००९ मध्ये १,६५१ होती, ती २०१५ पर्यंत २,२२७ झाली. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रायन राफाएली यांनी या वाढीचा अभ्यास केला. त्यांनी तीन कारणे पुढे ठेवली: परिसराशी नाते, जाणकारीने केलेली निवड आणि माणसे एकत्र आणणारे कार्यक्रम. त्यांत स्वस्ताई नाही.

चेन्नईतच याचे छोटे रूप होते. नलिनी चेट्टूर यांनी १९७४ मध्ये कॉनेमारा हॉटेलात ‘गिगल्स’ हे इवलेसे दुकान सुरू केले. आत जेमतेम उभे राहता येईल एवढी जागा आणि जमिनीपासून वर चढत गेलेल्या पुस्तकांच्या चळती. कोणत्या चळतीत काय आहे हे त्यांना तोंडपाठ असे. भारतीय लेखकांची, दक्षिण भारताविषयीची चांगली पुस्तके शोधत परदेशी अभ्यासकही तिथे येत. लँडमार्कच्या एका कोपऱ्यात ते दुकान मावले असते, आणि तरीही लँडमार्कच्या कितीतरी आधीपासून ते आपल्या जागी पाय रोवून होते.

अ‍ॅमेझॉनने स्वतः दुकान काढले तेव्हा

याहून बोलका पुरावा खुद्द अ‍ॅमेझॉननेच दिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये या कंपनीने सिअ‍ॅटलमध्ये खरेखुरे पुस्तकांचे दुकान उघडले आणि पुढे अशी बरीच दुकाने काढली. मांडणी ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून आणि विक्रीच्या आकड्यांवरून ठरत असे. पैशाची चणचण नव्हती आणि माहितीला तोटा नव्हता. तरीही मार्च २०२२ मध्ये कंपनीने अमेरिका आणि ब्रिटनमधली पुस्तकांची व इतर मिळून अशी ६८ दुकाने बंद करत असल्याचे जाहीर केले.

त्याच काळात जेम्स डाँट हा लंडनचा पुस्तकविक्रेता उलट वाटेने गेला. २०११ पासून ब्रिटनची ‘वॉटरस्टोन्स’ आणि २०१९ पासून अमेरिकेची ‘बार्न्स अँड नोबल’ या डबघाईला आलेल्या साखळ्या त्याच्या हाती आल्या. प्रकाशकांकडून पैसे घेऊन त्यांची पुस्तके दर्शनी टेबलावर मांडायची पद्धत त्याने सोडली. कोणती पुस्तके ठेवायची हे प्रत्येक गावच्या दुकानाने ठरवावे, अशी मुभा दिली. दोन्ही साखळ्या सावरल्या. बार्न्स अँड नोबलने तर पुन्हा नवी दुकाने उघडायला घेतली. साखळी दुकानेही तगली ती छोट्या स्वतंत्र दुकानासारखी वागू लागल्यावर.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ऑनलाइन खिडकीवर आपण पुस्तकाचे नाव टाकतो, म्हणजे पुस्तक आपल्याला आधीच माहीत असते. यंत्र पुढे सुचवते तेही आपण जे घेतले त्याच्यासारखेच. दुकानात मात्र आपल्याला अस्तित्वच माहीत नसलेले पुस्तक हाती लागते. दहा हजार पुस्तकांच्या दुकानात ही शक्यता दहा लाखांच्या यादीपेक्षा जास्त असते, कारण ती दहा हजार कोणीतरी विचार करून ठेवलेली असतात. छोट्या दुकानाची मर्यादा हीच त्याची ताकद ठरते.

बड्या कंपनीच्या दृष्टीने पुस्तक हा एक विभाग असतो आणि विभाग बंद करता येतो, याचाही अनुभव चेन्नईने घेतला. ‘वेस्टलँड’ ही मूळची चेन्नईची प्रकाशनसंस्था २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ट्रेंटकडून विकत घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय एकाएकी जाहीर झाला. लेखक हवालदिल झाले, आणि शिल्लक प्रती मिळवण्यासाठी वाचक धावले. पुढे त्याच मंडळींनी ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन कथामंचाच्या आधाराने ते नाव पुन्हा उभे केले, हे आपले भाग्य.

निवड हवीच, पण तेवढ्याने भागत नाही

इथे थांबलो तर चित्र अर्धवट राहील. उत्तम निवड असूनही बंद पडलेली दुकाने आपल्याच डोळ्यांसमोर आहेत. मुंबईचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये काढले. कोणी सूट देत नव्हते त्या काळात त्यांनी ती दिली, आणि वाचकाला नावाने ओळखले. त्यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. हे दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले. पुण्याच्या कॅम्पातले ‘मॅनीज’ त्याआधी २०१२ मध्येच मिटले. तेव्हा निवडीच्या जोडीला वर्षभराचा खर्च निघेल असे एखादे बिनचूक उत्पन्नही लागते. टिकलेल्या दुकानांकडे पाहिले की असे उत्पन्न कुठून येते ते दिसते.

पहिला आधार गरजेच्या पुस्तकांचा. अण्णा नगरची दुकाने स्पर्धा परीक्षांवर उभी आहेत, तर पुण्याचा अप्पा बळवंत चौक जूनमधल्या पाठ्यपुस्तकांवर आणि वर्षभराच्या मार्गदर्शकांवर. साहित्याच्या वाचकाला हे रुक्ष वाटेल. पण गाइड विकून आलेल्या पैशातूनच त्याच दुकानाच्या आतल्या कप्प्यात कवितासंग्रह ठेवणे परवडते.

दुसरा आधार स्वतः प्रकाशक होण्याचा. जे पुस्तक आपणच काढले त्यावर वितरकाचे कमिशन जात नाही. मराठीत ही वाट जुनी आहे. ‘पॉप्युलर’चा आरंभ १९२४ मध्ये पुस्तकांच्या दुकानाने झाला, प्रकाशन मागून आले. केशवराव कोठावळे यांचे ‘मॅजेस्टिक’ही आधी गिरगावातले दुकान होते. चेन्नईच्या के. के. नगरमधले ‘डिस्कव्हरी बुक पॅलेस’ आज हेच करते. तमिळ पुस्तके विकणे, काढणे, घरपोच पाठवणे आणि पुस्तक प्रकाशनाचे समारंभ भरवणे, हे सगळे एकाच ठिकाणी चालते. के. के. नगर ही अण्णा नगरसारखीच गृहनिर्माण मंडळाची वसाहत आहे, म्हणजे दुकानाभोवती शिकलेल्या मध्यमवर्गाची घरे आहेत.

तिसरा आधार वाचकाकडे आपण जाण्याचा. चेन्नईचा पुस्तक मेळा १९७७ पासून दक्षिण भारतीय पुस्तकविक्रेते व प्रकाशक संघटना, म्हणजे ‘बपासी’, भरवते. पोंगलच्या आसपास भरणाऱ्या या मेळ्यात शेकडो दालने असतात आणि अनेक तमिळ प्रकाशक नवी पुस्तके त्याच मुहूर्तावर काढतात. तमिळनाडू सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्ह्यांत असे मेळे भरवण्यासाठी तरतूद केली. आपल्याकडे ‘ग्रंथाली’ने १९७५ पासून वाचक चळवळ म्हणून पुस्तके गावोगावी नेली. पुण्याच्या ‘अक्षरधारा’ने तर प्रदर्शनांवरच नाव मिळवले. कार्यालय, शाळा, सोसायटीचा हॉल जिथे मिळेल तिथे टेबले मांडायची आणि पुस्तके उघडून ठेवायची. चार-आठ दिवसांच्या जागेचे भाडे बारा महिन्यांच्या भाड्याहून केव्हाही कमी असते.

चौथा आधार ग्रंथालयांचा. त्याविषयी बोलले कमी जाते, पण भारतीय भाषांतल्या पुस्तकांचा धंदा त्यावर फार अवलंबून आहे. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची तळमळ होती. या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसला. म्हणजे अण्णा नगरातला घरमालक घरपट्टी भरतो तेव्हा ग्रंथालयासाठीही पैसे देतो. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा उपकर नाही, आणि आपली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये सरकारी अनुदानाच्या भरवशावर चालतात. अनुदान आले की खरेदी होते, बहुधा मार्चअखेर घाईघाईने. अनुदान लांबले की दुकानदाराचे बिल थकते. खरेदी वेळेवर आणि वाचकांच्या मागणीप्रमाणे झाली, तर जिल्ह्याच्या गावातले पुस्तकांचे दुकान केवळ तेवढ्यावर उभे राहू शकते.

ऑनलाइनशी वैर नाही

चेन्नईतल्या मराठी कुटुंबाला मराठी कादंबरी हवी असेल तर ती अण्णा नगरच्या दुकानात मिळणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अशा कुटुंबाला सुट्टीत पुण्या-मुंबईहून पुस्तकांची पिशवी आणावी लागे. आज ‘बुकगंगा’सारख्या मराठी संकेतस्थळावरून किंवा एखाद्या दुकानाला फोन करून पुस्तक घरी येते. तमिळमध्ये ‘डायल फॉर बुक्स’ ही सेवा फोनवर मागणी घेऊनच नावारूपाला आली. तंत्र तेच आहे. फरक पडतो तो पलीकडे कोण बसले आहे याने. फोनवर ‘मागच्या वेळी हे नेले होते, तर आता हे वाचा’ असे सांगणारे दुकान असेल, तर ते हजार किलोमीटरवरूनही शेजारचेच ठरते.

यात टपालाचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सेवा बंद केली तेव्हा छोटे विक्रेते आणि प्रकाशक अडचणीत आले. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले आणि ३०० ग्रॅमपर्यंतचे पार्सल २० रुपयांत, पाच किलोपर्यंतचे १०० रुपयांत जाऊ लागले. असले दर वरकरणी किरकोळ वाटतात. पण १५० रुपयांच्या पुस्तकाला ८० रुपये कुरियर लागले तर ते पुस्तक विकलेच जात नाही.

कायदा काय करू शकतो

फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देण्यास बंदी घातली. ऑनलाइन विक्रेते सुटीच्या जोडीला फुकट घरपोच देऊ लागले, तेव्हा २०१४ मध्ये तेही रोखले. त्यावर एक सेंट आकारून पळवाट काढली गेली. म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या आतल्या खरेदीवर किमान ३ युरो पोहोच खर्च सक्तीचा झाला. ब्रिटनने नेमके उलटे केले. तिथला ठरीव किमतीचा करार १९९५ मध्ये मोडला. तेव्हा १,८९४ असलेली स्वतंत्र दुकाने २०१६ पर्यंत ८६७ वर आली. नंतर ती पुन्हा हजारावर गेली, पण मधल्या वीस वर्षांत कितीतरी गावांतले एकुलते एक दुकान गेले.

भारतात पुस्तकाच्या किमतीविषयी असा कायदा नाही. परकीय गुंतवणुकीच्या नियमांत एवढेच आहे की ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या परदेशी कंपनीने मालाच्या किमतीवर प्रभाव टाकू नये आणि जिच्यात आपला हिस्सा आहे अशा कंपनीमार्फत माल विकू नये. मराठीसारख्या भाषेत, जिथे बहुतेक पुस्तकांची आवृत्ती हजाराच्या आसपासच असते, तिथे ठरीव किमतीच्या कायद्याचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. सूट जितकी वाढते तितकी प्रकाशकाला छापील किंमत आधीच फुगवावी लागते. म्हणजे स्वस्ताईचा पैसा शेवटी वाचकाच्याच खिशातून जातो.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर वाचकाच्या हातात बरेच काही आहे. दुकानात पुस्तक चाळून, दुकानदाराचा सल्ला घेऊन मग मोबाइलवरून मागवणे म्हणजे त्या सल्ल्याचा मोबदला बुडवणे. ५०० रुपयांच्या पुस्तकामागे वाचणारे पन्नास-पाऊणशे रुपये हे त्या सल्ल्याचे, बनावट प्रतीपासून मिळणाऱ्या संरक्षणाचे आणि आपल्या वस्तीत पुस्तकांचे दुकान असण्याचे मोल आहे. वर्षाला दहा पुस्तके घेणाऱ्या घराला ते पाच-सातशे रुपयांना पडते. अशी दोन-तीनशे घरे एका दुकानाशी बांधली गेली, की दुकानदाराला पुढच्या महिन्याच्या भाड्याची धास्ती उरत नाही. मग तो न खपणारे पण चांगले पुस्तक मागवण्याची हिंमत करतो. नव्या लेखकाचे पहिले पुस्तक अशाच हिमतीवर कपाटात येते आणि तिथूनच वाचकापर्यंत पोहोचते. आपल्या भाषेत उद्या काय लिहिले जाईल, हे आज आपण पुस्तक कुठून घेतो यावरही ठरते.